जांभूळनाल्यावरचा स्टॉप

चंपतराव हेडाऊ कंडक्टर म्हणूनच जन्माले आला होता, असं मी म्हणतो तेव्हा लोकं हसतात. हसा बाप्पा! तुमाले काय मालूम! मी ड्रायव्हर, तो कंडक्टर, अन् नोकरीतली अर्धी वर्षं आम्ही एकाच गाडीवर काढली. नागपूरहून उमरेड, अन् उमरेडहून पुढं जंगलात, रस्ता संपते त्या गावापर्यंत. मुक्कामी गाडी होती. रात्री तिकडंच पडायचं अन् सकाळी उजाडलं की परत निघायचं. घरच्या माणसांपेक्षा जास्त मी त्याचं तोंड पाहिलं आहे, अन् खरं सांगतो, लय वेळा मले त्याचा रागही आला.

राग याच्यासाठी की "इथं स्टॉप नाई" हे त्याचं वाक्य ठरलेलं. एखादी म्हातारी डोक्यावर गाठोडं घेऊन म्हणे, "बाबू, माह्या वावरापाशी उतरवून दे." हा म्हणे, "आजी, इथं स्टॉप नाई." सरपंच म्हणे, पोलीस पाटील म्हणे, एकदा तर याचा सख्खा सासरा म्हणाला, तरी हा तेच. मी म्हणो, "काहून गा चंपतराव? ब्रेक मी मारून राहिलो, तुह्या खिशातून काय जाते?" तर म्हणे, "आज एकासाठी थांबलो तर उद्या साऱ्यांसाठी थांबा लागन, भैयाजी. मंग ते एसटी नाई, बैलबंडी होते." मी गिअर टाको अन् गाडी काढो.

एसटीचा एक कायदा आहे, तो सांगून ठेवतो, कारण पुढं त्याचंच काम आहे. गाडीच्या छताले दोरी राहे अन् त्या दोरीची घंटी माह्या कानाशी. एकदा वाजली की थांब. दोनदा वाजली की चल, त्याले डबल म्हणतात. सारे चढले, बसले, असं कंडक्टरनं पाहिलं की तो डबल मारे. दोरी तुटली असली तर तो पत्र्यावर थाप मारे, हिशेब तोच. ड्रायव्हर आपल्या मनानं थांबत नाही अन् आपल्या मनानं निघतही नाही. चंपतरावची थाप अशी सरळ होती की मी झोपेतही ओळखली असती.

त्याची बायको पंचफुला उमरेडची, विणकराच्या घरची. लहानपणापासून मागासाठी सुताच्या कांड्या भरलेल्या, धाग्यावर बोटं अन् डोळे दोन्ही बसलेले. लुगड्यात एक धागा इकडचा तिकडं झाला तर दुकानाच्या दारातून सांगे. बोलायले तेज. साऱ्या गाडीले धाकात ठेवणारा चंपतराव घरी तिच्यापुढं मांजर होता. तिची एक मावशी आमच्या मुक्कामाच्या गावात राहे. मावशीच्या नातीच्या बारशाले पंचफुला गेली होती अन् दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याच गाडीनं परत निघाली. मे महिना, लग्नसराई. गाडीत पाय ठेवाले जागा नव्हती. तिले मात्र खिडकी भेटली होती.

गावापासून थोड्या अंतरावर जांभूळनाला लागते. रस्ता खाली उतरते, लहानसा पूल आहे, दोन्हीकडं जांभळीची दाट झाडं. भर उन्हाळ्यातही पुलाखाली डबकंभर पाणी राहे. तिथं वळण आहे म्हणून मी गाडी हळू केली, अन् मागून पंचफुला ओरडली, "अवो, थांबवा न! थांबवा न गाडी! पांढरं पाखरू हाये वं माय, त्याच्या शेपटीले दोन धागे हायेत, हे येवढे लांब!"

मी आरशात पाहिलं. ती अर्धी उठून उभी, एक हात खिडकीबाहेर. माहा पाय ब्रेकवर गेला होता. एक घंटी आली असती तर मी त्याच क्षणी गाडी उभी केली असती, आईशप्पथ. घंटी आली नाही. चंपतराव तिकिटं फाडता फाडता म्हणाला, "बस खाली. प्लास्टिकची पन्नी असन उडून राहिलेली. इथं स्टॉप नाई." अख्खी गाडी हसली. पंचफुला खाली बसली अन् उमरेड येईपर्यंत तिनं खिडकीतून तोंड आत घेतलं नाही.

उमरेडच्या स्टँडावर चहा पिताना तिनं माह्यासमोर त्याले विचारलं, "पन्नी या झाडावरून त्या झाडावर जाते का? पाण्यात बुडी मारून परत फांदीवर येऊन बसते का?" तो म्हणे, "चहा पी, थंडा होऊन राहिला." झालं. तेव्हापासून त्या घरात पन्नी जी शिरली ती निघालीच नाही. यानं नवं लुगडं आणलं अन् विचारलं कसं आहे, तर ती म्हणे, "पन्नीसारखं." याचा चष्मा सापडेना, तर म्हणे, "उडाला असन, पन्नीसारखा." मी जेवाले गेलो की आम्ही दोघं मिळून त्याची मस्त खेचो. तोही हसे. पण उन्हाळा लागला की ती एकदा तरी हळूच म्हणे, "अवो, जाऊ न एक दिवस त्या नाल्यावर. नुसतं पाहाचं हाये मले." अन् हा म्हणे, "हव, सुट्टी भेटू दे."

सुट्ट्या भेटल्या अन् सरल्या. मग तिकडं अभयारण्य झालं. गाव उठवून बाहेर रस्त्याले आणून वसवलं, आमच्या रस्त्याले गेट लागलं अन् मुक्कामी गाडी बंद झाली. पंचफुला म्हणाली, "आता कशाचे जाता!" तिच्या बोलण्यात राग नव्हता, अन् तेच मले आवडलं नाही. आम्ही दोघंही रिटायर झालो. तो नागपूरले सक्करदऱ्यात तलावाच्या अंगाले राहाते, मी दोन गल्ल्या सोडून.

मागच्या हिवाळ्यात पंचफुला दवाखान्यात होती. काही उरलं नव्हतं तिच्यात, हाताच्या शिरा तेवढ्या दिसत. त्यांची पोरगी श्वेता, एकुलती एक, हिले पाखरं पाहाचा नाद. रविवार आला की गळ्यात दुर्बीण अडकवून कुठल्या कुठल्या तलावावर जाते. आईची करमणूक म्हणून ती मोबाइलमध्ये फोटो दाखवून राहिली होती. एका फोटोवर पंचफुलानं तिचा हात धरला. डोकं काळं, त्याच्यावर तुरा, बाकी अंग पांढरंशुभ्र, अन् शेपटीचे दोन लांब पांढरे धागे खाली सुटलेले. पंचफुलानं त्या काचेवर बोट ठेवलं अन् वरून खालपर्यंत हळूहळू नेलं, जसं धाग्याची लांबी पाहतात तसं.

"हेच," ती म्हणाली. "सांग तुह्या बापाले. पन्नी नव्हती."

तिचा बाप दारातच उभा होता, चहाचा थर्मास घेऊन. मी त्याच्या मागं होतो. त्यानं थर्मास तिथंच खाली ठेवला अन् बाहेर निघून गेला. ती मग फार दिवस राहिली नाही.

श्वेतानं नंतर मले सांगितलं, त्या पाखराले दूधराज म्हणतात, पुस्तकात स्वर्गीय नर्तक असं नाव आहे. मले दूधराज बरं वाटलं.

पंचफुला गेल्यावर चंपतराव रोज सकाळी तलावावर फिराले जाऊ लागला. मी सोबत जाओ, कारण तो खाली न पाहता चाले, सारं ध्यान झाडावर. पांढरं काही हललं की उभा राहे. मी म्हणो, "बगळा हाये गा तो." तो म्हणे, "मालूम हाये." तरी बगळा उडून जाईपर्यंत हालत नसे. एक दिवस मी तापलोच. म्हटलं, "किती बगळे पाहाचे हायेत तुले? लोकं हसून राहिले!" तेव्हा तो तलावाच्या कठड्यावर बसला अन् म्हणाला, "भैयाजी, तिनं पायलं ते मले एकदा पाहाचं हाये. तिथंच. थांबून. नाई तर मी तिकडं गेल्यावर तिले काय सांगू? ती पयलं हेच विचारन." एवढा मोठा माणूस, अन् लेकरासारखं त्याले ते पाहिजे होतं.

मी श्वेताले सांगितलं. तिचा पाखरं पाहणाऱ्यांचा ग्रुप मे महिन्यात त्याच जंगलात चालला होता. तिनं आम्हा दोघांची नावं घातली.

पहाटेच नागपूर सोडलं. गेटवर उघडी जिप्सी उभी होती. श्वेता, आम्ही दोघं, एक नवराबायको अन् एक कॅमेरेवाला, त्याचा कॅमेरा भात शिजवाच्या गंजापेक्षा मोठा. चालवणारा दुर्गेश, त्याच्या बाजूले गाइड नागसेन, पंचविशीतला पोरगा. नागसेननं चंपतरावकडं पाहिलं, पुन्हा पाहिलं अन् म्हणाला, "बाबा, तुमी मुक्कामी गाडीचे कंडक्टर न? आमच्याच गावाले येत होते तुमी. माह्या आजीले तुमी वावरापाशी कधी उतरवलं नाई. मरेपर्यंत शिव्या देत होती." मी खो खो हसलो. चंपतरावही हसला, पण तोंडातल्या तोंडात.

आत गेलो अन् मले कसंतरीच व्हायले लागलं. तोच रस्ता. डांबर गेलं होतं, माती राहिली होती, पण वळणं माह्या पायाले पाठ. मी मागं बसलो होतो तरी माहा उजवा पाय ब्रेक शोधून राहिला होता. नागसेन दोन्हीकडं पाखरं दाखवत होता, टकाचोर, कोतवाल, हरियल. सारे वा वा करत. चंपतराव एकच विचारे, "नागसेन, जांभूळनाला कधी येते?" नागसेन म्हणे, "त्या बाजूले आज जाणं होते का नाई सांगता येत नाई बाबा. दूधराज तर पुढच्या पाणवठ्यावरही येते. तिथं थांबू."

त्या पाणवठ्यावर दुर्गेशनं इंजिन बंद केलं. दूधराज नव्हता, पण एक सर्पगरुड पाण्यात उतरून अंघोळ करत होता, पंख पसरून, आमच्यापासून अगदी जवळ. सारे उभे राहून पाहू लागले. थोड्या वेळानं ते नवराबायको खाली बसले, श्वेता बसली, मी बसलो. अन् चंपतरावचा हात आपोआप उठला. सारे बसले न! त्यानं जिप्सीच्या पत्र्यावर थाप मारली, थाड थाड. डबल!

दुर्गेश बिचारा एसटीनंच ये-जा करत वाढलेला पोरगा, त्याचाही हात आपोआप किल्लीवर गेला. इंजिन घुर्रकन सुरू झालं अन् गरुड उडाला. कॅमेरेवाला एकटाच उभा होता, तो धपकन माह्या अंगावर पडला.

"काका!" तो ओरडला. "ही एसटी नाही! आयुष्यात एकदा असा फोटो मिळतो!"

चंपतराव मेल्याहून मेल्यासारखा झाला. "सवय हाये जी," म्हणाला, "सारे बसले म्हणून..." नागसेननं मागं वळून समजावलं, "बाबा, आता गाडीले हात लावू नका बरं. थाप पडली का सारं जंगल उठते." श्वेतानं बापाच्या खांद्यावर हात ठेवला. चंपतरावनं दोन्ही हात मांडीखाली दाबून घेतले अन् तसाच बसला. मले कॅमेरेवाल्याचा असा संताप आला की काय सांगू! पण चूक आमचीच होती.

ऊन चढलं. दुसरे दोन पाणवठे पाहिले, तिथंही दूधराज नाही. परत फिरायची वेळ होत आली. तेवढ्यात समोरून एक जिप्सी आली अन् तिच्या ड्रायव्हरनं सांगितलं, जुन्या गावाच्या टेकडीले वाघीण बसली आहे, पिल्लं घेऊन. बस, मग काय! कॅमेरेवाला म्हणाला, "चला, चला, पळवा!" नवराबायकोही उठून बसले. जुन्या गावचा रस्ता म्हणजे नाल्यावरून जाणारा रस्ता. दुर्गेशनं गाडी सोडली ती धुरळा उडवत. मी चंपतरावच्या कानात म्हटलं, "नाला येऊन राहिला." त्यानं मान हलवली.

उतार लागला. जांभळी तशाच होत्या, उलट आणखी दाट. पूल आला. साऱ्यांची तोंडं पुढं, टेकडीकडं. मी चंपतरावकडं पाहत होतो म्हणून मले समजलं. त्याचं तोंड एकदम डावीकडं वळलं अन् तिथंच राहिलं. त्याले काही दिसलं होतं, दुसऱ्या कोणाले दिसलं नव्हतं. गाडी पूल ओलांडून राहिली होती. त्याचे हात मांडीखाली होते. मी मनात ओरडलो, मार न गा, मार! घंटी द्यायचं काम ड्रायव्हरचं नाही.

मग थाप पडली. एकच.

माहा उजवा पाय जिप्सीच्या तळाले असा आदळला की आजही गुडघा दुखते. दुर्गेशनं ब्रेक मारला. धुरळा मागून येऊन अंगावर पडला. कॅमेरेवाला भडकला, "परत? काका, वाघीण निघून जाईल! काय लावलंय? इथं काय आहे? इथं कशाला थांबायचं?"

चंपतराव उभा राहिला. त्याचा आवाज मी कधी एवढा मोठा ऐकला नव्हता.

"इथं स्टॉप हाये," तो म्हणाला.

नागसेननं दुर्गेशच्या हातावर हात ठेवला, दुर्गेशनं इंजिन बंद केलं. धुरळा बसला. पुलाखाली डबकंभर पाणी होतं, तेव्हासारखंच. अन् जांभळीच्या सावलीतून ते निघालं. पांढरं, अगदी पांढरं. मागं दोन धागे लहरत. या फांदीवरून त्या फांदीवर गेलं, जरा थांबलं, सरळ पाण्यात बुडी मारून परत फांदीवर येऊन बसलं, अन् पंख झाडले. ते धागे खाली सुटले, ओले झालेले. श्वेता तोंडाले हात लावून रडून राहिली होती. कॅमेरेवाल्याचा कॅमेराही वाजायला लागला होता.

चंपतराव जिप्सीची दांडी धरून उभा होता. त्याच्या बाजूची जागा श्वेतानं सकाळपासून सामान ठेवायले घेतली होती. त्या माणूस नसलेल्या जागेकडं न पाहताच तो हळूच म्हणाला, "पन्नी नोहे वं, पंचफुला. पन्नी नोहे." मी ऐकलं. मले वाटलं ते माह्यासाठी नव्हतं, म्हणून मी दुसरीकडं पाहिलं, पण डोळ्यांत पाणी आलंच. तिले किती पाहाचं होतं ते! एवढंसंच तर मागितलं होतं तिनं, जरासं थांबणं.

पाखरू जात-येत राहिलं. वाघीण कोणी विचारली नाही. शेवटी नागसेननं घड्याळ पाहिलं अन् लय जिवावर आल्यासारखा म्हणाला, "बाबा, आता निघा लागन. गेट बंद होते."

दुर्गेशनं गाडी सुरू केली, पण हलवली नाही. तो मागं वळून चंपतरावकडं पाहत राहिला. एक थाप देऊन थांबवलं त्यानं, तर निघायचंही त्यानंच सांगायचं, असं त्या पोराले वाटलं असन. साऱ्यांनाच तसं वाटलं. चंपतरावनं हात उचलला, पत्र्यावर नेला अन् तिथंच ठेवून दिला.

"डबल मार न गा," मी म्हटलं.

"माह्याच्यानं नाई होत, भैयाजी," तो म्हणाला. "तुमी मारा."

मी जन्मभर गाडी चालवली. घंटी ऐकली, थाप ऐकली, स्वतः कधी दिली नाही. मी पत्र्यावर एक थाप मारली, अन् दुसरी माराले मले वेळ लागला. मग तीही मारली. गाडी निघाली. चंपतराव मागं तोंड करून नाल्याकडं पाहत बसला. वळण आलं, झाडं दिसेनाशी झाली, तरी तो तसाच पाहत होता, अन् मी त्याले पुढं पाह्य म्हणून म्हटलं नाही.